न धुतलेली आतडी

नातवंडं आजीकडे काय मागतात? लहान असली तर गोळ्या-बिस्किटं, मोठी झाली की मोबाईलचं रिचार्ज. माझ्या नातीनं माझ्याकडे बामीची आतडी मागितली.

बाम म्हणजे आमच्या वैनगंगेतली लांबोडकी मासोळी. पाठीवर बारीक काटे, अंगानं सापासारखी, आणि हातात धरली की अशी सटकते की राख लावल्याशिवाय धरताच येत नाही. आमचं घर मासोळीवरच चाललं. नवऱ्यानं जाळं टाकायचं आणि मी पाटी घेऊन बाजारात बसायचं, पायाखाली पावशी दाबून. पावशी म्हणजे विळीच, आमच्याकडे पावशी म्हणतात. शाळा मी पाहिली ती बाहेरून. वाचायला शिकले ते मासोळ्या बांधून द्यायच्या रद्दी पेपरांवर. गिऱ्हाईक नसलं की अक्षर लावत बसायचं. पेपर जुना असायचा, त्यामुळं साऱ्या जगाच्या बातम्या मला शिळ्याच कळल्या, पण कळल्या. आता गुडघ्यांनी आणि साखरेच्या दुखण्यानं मला बसवलंय. फक्त आंधळगावच्या आठवडी बाजाराला जाते, तेही हौसेनं. रोजची पाटी माझी धाकटी जाऊ सांभाळते.

तर नात. माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. शहरात कॉलेजात शिकली, पदवीवर पदवी घेतली आणि आता तिथंच संशोधन करते. म्हणजे काय करते ते मला आधी नीट कळलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती सुट्टीत आली, जेवायला बसली आणि म्हणाली,

"आजी, मले बामीचे आतडे पायजे."

"कायले वं? होस्टेलात मांजर पाळलं का?"

"मांजर नाई वो. बामीच्या आतड्यात पट्टीवानी पांढरा किडा रायते ना, पट्टकृमी, तो पायजे."

"मासोळी नोको, किडा पायजे?"

"हो."

माझा मुलगा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "देऊन टाक आई. मासोळी आपल्यालेच उरते."

सगळे हसलो. पण माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. आम्ही लहान होतो तेव्हा पोटात जंत झाले की आई पळसाच्या बिया, पळसपापडी, कुटून गुळात कालवून द्यायची. गूळ आधी विरघळायचा आणि कडू मागे राहायचं. तोंड धरून द्यायची ती. आता पोरांना शाळेतच जंताची गोळी देतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ज्याला हाकलत आलो, त्याला ही पोरगी डबीत घालून, गाडीत मांडीवर घेऊन शहरात नेणार!

"त्याच्यात पाहाचं काय हाये?" मी विचारलं.

मग ती सांगायला लागली. ती सांगायला लागली की तिचे हात थांबत नाहीत, भात तसाच राहतो. म्हणाली, आजी, त्या किड्याला ना तोंड आहे, ना पोट. तो मासोळीच्या आतड्याला डोक्यानं चिकटून बसतो आणि मासोळीनं खाल्लेलं अंगानंच ओढून घेतो. डोक्यामागं त्याची मान. मानेपासून एकेक नवा तुकडा फुटत जातो, आणि जुना तुकडा मागं सरकत जातो. मानेजवळचे तुकडे बाळं, मधले वयात आलेले, आणि शेपटाकडचे अंड्यांनी भरलेले. एकाच अंगात सारी वयं.

"मंग तू काय पायतं?"

"वाढता वाढता त्याच्या अंगातलं काय काय बदलते ते. बारका असतानी त्याच्यात साखर किती, मोठा झाल्यावर किती. प्रथिनं किती, चरबी किती. धान कसा दुधात येते, मंग दाणा घट्ट होते? दुधातला दाणा चेपला तर गोड पाणी निंगते, पिकल्यावर निंगते का? आतमंदी बदललंच ना काहीतरी. तसं."

आता धानाचं नाव घेतल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या बाईला आणखी काय समजवायचं! दुधातला दाणा मी शेकड्यानं चेपलाय. मला पटकन दिसलं ते. आणि ते कळलं तर पुढं काय, हेही मी विचारलं. ती म्हणाली, किडा कोणत्या वयात कशावर जगतो हे कळलं, तर त्याला कुठं अडवायचं ते कळतं. मासोळीतही, जनावरातही. आमच्या लोकांना एवढं ठाऊक असतंच की पोटात पट्टी असलेली मासोळी दिसते मोठी आणि तराजूत बसते हलकी.

तर ठरलं. बाजारात बाम आली की तिची आतडी वेगळी काढून ठेवायची. नात आठवड्यातून एकदा सकाळच्या गाडीनं यायची आणि बर्फाच्या डब्यात घेऊन जायची. मी जावेला सांगितलं. नातीनंही स्वतः सांगितलं, अगदी हात जोडून: "लहानी आजी, धुवू नोको हं. जशी निंगली तशीच ठेव. उगीच तरास घेऊ नोको."

जाऊ म्हणाली, "बरं बाई."

इथंच सगळं घडलं, पण ते कळायला उन्हाळा उलटायला आला.

माझी जाऊ कशी आहे ते सांगितलं पाहिजे. तोंडानं फाटकी, हातानं नेटकी. बाजारात तिच्या पाटीवर माशी बसत नाही. दुसऱ्या बाया मासोळी कापून देतात, ही कापून, चोळून, धुवून, वरून "मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवजा वो" असं सांगून देते. गिऱ्हाईकं तिच्या शिव्या ऐकून घेतात आणि तिच्याचकडे येतात. घराण्यातली पहिली पोरगी एवढी शिकली म्हणून तिला माझ्यापेक्षा जास्त मिरवायला लागतं. शेजारच्या पाटीवालीनं विचारलं, काय वो, नात काय शिकते? की ही पावशी थांबवून सांगणार, "किड्याची डॉक्टर होऊन राहिली." शेजारीण म्हणायची, "दाताची आईकली होती बाप्पा, किड्याची पयल्यांदाच आईकून राहिली." त्यावर हिचं उत्तर, "तुह्या घरी दात तरी कोणी शिकलं का?"

पहिल्या काही फेऱ्या नात आनंदात होती. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. यायची, डबा घ्यायची, चहा अर्धा ठेवून जायची. एकदा मी तिला धरून बसवलं.

"काय झालं वं?"

"काई नाई आजी."

"काई नाई म्हणतं आन्‌ तोंड असं? कोणी काही बोललं का?"

तेव्हा तिनं सांगितलं. किडे सापडतात, पण मोठेच सापडतात. लहानगे मिळतच नाहीत. आणि लहानगे नाहीत तर वाढता वाढता काय बदललं हे सांगणार कशावरून? वर जे मोठे मिळतात त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. किडा वाळवायचा, तोलायचा, वाटायचा, त्यात औषध घालायचं. साखर असली की मोरपिशी रंग चढतो, जितकी साखर तितका गडद. तर तिच्या नळ्यांमध्ये एकदा फिकट, एकदा गडद. सारख्याच वयाचे किडे, एकाच नदीतले. तिचे सर म्हणाले होते, पावसाळ्याआधी समितीसमोर बसायचं आहे, तोवर लहानग्यांसकट नीट आकडे आले नाहीत तर हा विषय सोडावा लागेल. दुसरा घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून.

"मंग दुसरा घे ना," मी म्हटलं. म्हातारी माणसं असंच बोलतात.

ती म्हणाली, "आजी, तू पाटी सोडून भाजी काहून नाई विकली?"

 खरंच, भाजीत कष्ट कमी होते. पण मी मासोळीवाली होते.

तिच्या जाण्यानंतर मी साऱ्या शक्यता काढल्या. बर्फ कमी पडतो का? बाम जुनी असते का? देवाला नारळ बोलले, तेही सांगून टाकते. आणि मग मला वाटलं, पोरीनं एकदा बाजारात येऊन समोर बसून पाहावं. तिचं आतापर्यंत घरूनच नेणं व्हायचं, जाऊ डबा भरून ठेवायची. मी फोन करून म्हटलं, या वेळेला आंधळगावच्या बाजारी ये. मी पण आहे.

ती आली. ऊन अजून कोवळं होतं. बाजार भरत होता, चिवड्यावाला कढई तापवत होता, बाया पाट्या मांडत होत्या. जावेकडे त्या दिवशी दोन चांगल्या बामी होत्या. नात बाजूला पोत्यावर बसली. जावेनं राखेनं बाम धरली, पोट फाडलं, आतडी काढली. तिथवर ठीक. मग तिनं ती आतडी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून वरून खालपर्यंत अशी ओढली, जशी आपण बारशाला आणलेल्या नव्या दुपट्याची घडी मोडतो, हळूच. आतली सारी घाण टोपल्यात. मग मिठाची मूठ. चोळली. पाणी. परत मीठ. परत पाणी. पळसाच्या पानावर गुंडाळी करून ठेवली, जशी देवाची ओटी.

नात उभी राहिली. "लहानी आजी! हे काय करून राहिली?"

"तुह्यासाठी साफ करून राहिली, आणखी काय?"

"दरवेळी असंच करतं?"

"नाई तं काय! तुले तशीच घाण देऊ का? शिकलेल्या पोरीच्या हातात?"

"आन्‌ मी सांगतलं होतं ना, धुवू नोको म्हणून!"

"ते तं सांगतलंच होतं," जाऊ शांतपणे म्हणाली. "सांगणारच. पाहुणा नाई म्हणत का, चहा नोको, कायले तरास? मंग आपण चहा ठेवत नाई का?"

बघा, आमच्या इकडे 'नको' हा शब्द मानाचा असतो. तो खरा धरून बसणारा माणूस म्हणजे अडाणी. कोणी लाजून 'नको' म्हटलं आणि आपण खरंच दिलं नाही, तर गावभर नाव खराब. माझ्या जावेनं उन्हाळाभर माझ्या नातीचा मान राखला होता. तिच्या जागी मी असते तर मीठ दोनदा नाही, तीनदा लावलं असतं.

पण पोरगी रडवेली झाली होती. "अवो लहानी आजी, लहाने किडे नखाएवढे पण नसते. तांदळाच्या कणीएवढे. त्यायची पकड कच्ची. तू बोटानं ओढलं की सारे गेले टोपल्यात! मोठे राहिले चिकटून, आन्‌ त्यायले तू मीठ लावलं. मिठानं अंगातलं पाणी ओढलं जाते. कधी कमी मीठ, कधी जास्त. मंग माहे आकडे कसे जुळतीन?"

शेजारीण कान देऊनच होती. "म्हंजे," ती म्हणाली, "हिनं तुह्या किड्यायचं लोणचं घातलं?"

आजूबाजूच्या बाया खो-खो हसल्या. चिवड्यावालाही हसला. नात रडता रडता हसली. पण माझी जाऊ हसली नाही. तिनं पावशी पुसली, पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "उद्यापासून तुह्या तू पाय बाई. अडाण्याच्या हातात कायले देतं? रोज राती आंगावरचे कपडे धुवून टाकत होती मी, त्या आतड्यायचा वास रायते म्हणून. तुह्यासाठी."

आणि त्यानंतर ती आमच्याशी दिवसभर बोलली नाही. गिऱ्हाईकांना मात्र नेहमीपेक्षा जास्त बोलली. माझ्या लक्षात आलं की ती चिडली नव्हती, तिला लागलं होतं. चिडली असती तर संध्याकाळपर्यंत निवळली असती.

नातीचा प्रश्न तर समोरच होता. पावसाळा तोंडावर, मासोळ्यांची विणीची वेळ आली की जाळं बंद. नदीत बाम आधीच कमी झालेली. आणि समितीचं बसणं त्याच्याही आधी. म्हणजे जे काय मिळवायचं ते आता, आणि ताजं, जिवंत, कोणाचा हात न लागलेलं.

मी भावाला फोन लावला. माझं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. भाऊ आता नव्या वस्तीत राहतो, रस्त्याला लागून, एकसारख्या घरांच्या रांगेत. आणि जिथं आमचं आंगण होतं त्याच पाण्यावर डोंगा, म्हणजे लहान होडी, घालून मासोळ्या धरतो. त्या पाण्यात बाम अजून मिळते, म्हणून त्याला फोन. त्यानं फोनवर पहिलं हेच विचारलं, "बाई, किडेवाली बाम पायजे? म्हंजे खराब?"

"खराब नाई गा. जिवंत. पाण्यात. अन्‌ पोट फाडू नोको."

"किडे हाये का नाई हे पोट न फाडता कसं पाहू? तिले विचारू?"

"तिलेच विचार. आन्‌ घेऊन ये."

आला तो. मोटरसायकलला दुधाचा मोठा कॅन बांधलेला, आत पाणी, पाण्यात बामी. उन्हानं चेहरा रापलेला, शर्ट भिजलेला. अंगणात कडुनिंबाच्या सावलीला नातीनं आपलं दुकान मांडलं होतं: ताट, वाट्या, बारीक चिमटा, कात्री, एक काचेचं भिंग आणि पाण्याच्या बाटल्या. मुलगा म्हणाला, हे तर कोणाचं लगीन लावायचं सामान दिसतं. मी बाम धरली, राख न लावता, ओल्या फडक्यानं, कारण राखही नको होती. हातातून दोनदा सटकली. अंगणभर तिच्यामागं धावताना माझे गुडघे दुखायचं विसरले.

जाऊ आली नव्हती. तिचं दार शेजारीच. कुंपणापलीकडून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता, गरजेपेक्षा जास्त.

पहिली बाम फाडली. नातीनं आतडी ताटात घेतली, कात्रीनं उभी चिरली, भिंग लावलं. काही नाही. दुसरी. काही नाही. भाऊ खाली बसून तंबाखू मळत म्हणाला, "जिंदगीत पयल्यांदा चांगली मासोळी आणली म्हणून शिव्या खाऊन राहिलो." तिसरीही रिकामी निघाली. नातीचे ओठ घट्ट मिटलेले होते. कॅनमध्ये आता शेवटचीच उरली होती, सगळ्यात मोठी, आणि खरं सांगायचं तर आकाराच्या मानानं हलकी. मी हातात घेतली तेव्हाच माझं मन म्हणालं, आहे. पण बोलले नाही. नसलं निघालं तर पोरगी आणखी खचली असती.

तिनं आतडं चिरलं. आणि मग श्वासही न घेता म्हणाली, "आजी."

पांढरी फीत पडली होती आत. शेवईसारखी, पण चपटी, आणि जिवंत. हळूहळू आखडायची आणि लांबायची. तिच्याभोवती बारीक बारीक पांढरं काहीतरी विखुरलेलं. कण्या. जशा सुपात उरतात तशा.

"लहाने! आजी, लहाने हाये! हे पाय, हा त्याहून लहाना. आन्‌ हा मधला!"

तिनं बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं आणि एकेक चिमट्यानं उचलून त्यात सोडायला लागली. मी विचारलं, साधंच पाणी का? ती म्हणाली, "नाई वो, मिठाचं."

कुंपणापलीकडची भांडी थांबली.

"काय म्हणते ते?" तिकडून आवाज. "मिठाचं?"

आणि जाऊ आली, पदर खोचून, ओल्या हातानं. "मी मीठ लावलं तं लोणचं झालं. आन्‌ तू लावतं ते?"

आता मी हसणार नव्हते, पण भावाची तंबाखू हातातून सांडली. नात उठली, तिनं जावेचा ओला हात धरला आणि तिला ताटापाशी बसवलं. "माहं मोजून असते लहानी आजी. मासोळीच्या रगतात जेवढं खारं रायते तेवढंच. जीभ लावून पाय, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा पण सौम्य. त्याच्यात किडा फुगत पण नाई, आखडत पण नाई. त्याले वाटते आपण घरीच हावो."

जावेनं खरंच बोट बुडवून चाखलं. दुसऱ्या, किडे न सोडलेल्या बाटलीतलं, ते बरं. "आळणी हाये," ती म्हणाली. हिच्या स्वयंपाकाच्या हिशेबानं ते आळणीच.

मग नातीनं तिच्या हातात भिंग दिलं. जाऊ वाकून बघायला लागली. बराच वेळ. त्या कणीएवढ्या जिवाला डोकं होतं, त्याच्यामागं इवलीशी मान, आणि मानेमागं नुकत्या पडायला लागलेल्या रेषा. अजून तुकडे झालेले नव्हते, नुसत्या रेषा, जशा बाळाच्या मनगटाला वळ्या असतात.

"हे मी टोपल्यात टाकत होती," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता तो.

"टाकलं तं टाकलं," नात म्हणाली. "तुह्या बोटातून वाचून जे राहिले तेच मोठे होते, हे तं कळलं. आन्‌ मले वाटे, या दिवसात लहाने रायतच नाई. मी तं तसं लिवूनही टाकलं असतं. चुकीचं झालं असतं."

जावेनं भिंग परत दिलं, पदराला हात पुसला आणि फाडलेल्या मासोळ्यांकडे वळली. "हे तं खाची हाये ना? का याचं पण काही शिकाचं हाये?" भावाकडे बघून म्हणाली, "भाऊ, जेवूनच जा आता." त्या दिवशी ती आमच्याच चुलीवर शिजवत होती. मीठ जरा जास्त पडलं. तरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्यानंतर जाळं बंद व्हायच्या आधी भाऊ आणखी येऊन गेला. शेजारणीनंही, तीच लोणचंवाली, एक बाम घरी आणून दिली, पोट न फाडता, तिच्या पातेल्यात, आणि दारातूनच ओरडली, "किड्याच्या डॉक्टरीण बाई, पेशंट आणला!" जाऊ बाजारात बसून साऱ्या बायांना शिकवायची की हात लावायचा नाही, ओढायचं नाही, मीठ लावायचं नाही. पूर्वी जितक्या जोरात धुवायला शिकवायची, तितक्याच जोरात.

समितीच्या दिवशी मी सकाळपासून फोन ओट्यावर ठेवला होता. त्याच दिवशी माझी साखर तपासायला आरोग्य केंद्रात जायचं होतं, ते मी टाळलं. जाऊ म्हणाली, जाऊन या, फोन मी पाहते. म्हटलं, नाही. दोघी ओट्यावर बसलो. तिनं तांदूळ निवडायला घेतले. निवडता निवडता कण्या वेगळ्या काढल्या आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी एकाच गोष्टीचा विचार करत होतो.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. आवाजावरूनच कळलं.

"आजी, विषय राहिला! माहाच विषय राहिला!"

मग ती भराभरा सांगायला लागली, आणि मला दिसत होतं की तिकडे तिचे हात हवेत चाललेत. लहानग्यांच्या नळ्या फिकट मोरपिशी, मधल्या वयाच्या गडद, आणि अंडी भरल्यावर पुन्हा उतरलेल्या. लहानपणी सारी धावपळ अंग बांधायची, म्हणून प्रथिनं जास्त. वयात आल्यावर साखरेची साठवण. म्हातारपणी शेपटाकडे चरबी. नळ्या ओळीनं लावल्या तेव्हा रंग पायरीपायरीनं चढला आणि उतरला. सर उभे राहून बघत होते म्हणे. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, लहान किडे मिळवणं अवघड असतं, तुम्ही कसे मिळवले? नातीनं सांगितलं, माझ्या आज्यांनी.

"आज्यांनी म्हटलं?" जावेनं फोनमध्ये तोंड घातलं. "माहं पण म्हटलं?"

"दोघींचं म्हटलं लहानी आजी. आन्‌ मामाआजोबाचं पण."

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. त्या फितीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एकाच अंगात मानेजवळ बाळं, मध्ये तरुण, शेवटी भरलेल्या बाया. घाण वाटायला हवी होती, पण वाटत नाही. आमचं घर तरी काय वेगळं आहे? तीच साखर, त्याच भातातली, पण नातीच्या अंगात ती काहीतरी बांधते. माझ्या अंगात ती नुसती फिरते. पुढं ती घरी आली तेव्हा मी हे तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुही साखर फिरते ते गोळी नीट न घेतल्यानं. बांधाचं ते तुहं बांधून झालं." आणि दुसऱ्या दिवशी मला केंद्रात घेऊन गेली.

त्या वेळी ती मिठाईचा डबा घेऊनच आली होती. मला त्यातला तुकडाही नाही. जाऊ कुंपणावरून आली, डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग चुलीकडे वळता वळता म्हणाली, "चहा ठेवू?"

"नोको वो लहानी आजी, कायले तरास," नात म्हणाली.

जाऊ थांबली. पातेलं हातात तसंच. पूर्वी तिनं पाणी ओतून साखरही टाकली असती.

"नीट सांग बाई," ती म्हणाली. "खरोखरचं नोको, का मानाचं नोको?"

नात माझ्याकडे बघून हसली आणि चुलीपाशी पाय दुमडून बसली. "मानाचं. ठेव."